मुगातला भुंगा आणि माझा हात

लग्न होऊन मी फैजपूरजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा नवऱ्याचा चेहरा नीट पाठ व्हायच्या आधी मला मुगातल्या भुंग्याचा चेहरा पाठ झाला. हे थोडं थट्टेनं म्हणते, पण अगदीच खोटं नाही. नवरा दिवसभर केळीच्या बागेत असायचा आणि भुंगा दिवसभर घरात असायचा. शिवाय नवऱ्यामुळे माझं नाव खराब झालं नव्हतं. ते भुंग्यामुळे झालं.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे वडील मूळचे याच बाजूचे, पण धुळ्याला मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे मी वाढले धुळ्यात. बोली तिकडची, सवयी तिकडच्या. आमच्या घरी धान्य म्हणजे आठवड्याच्या बाजारातून पिशवीत यायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत संपायचं. कोठी भरणं, मडकी लिंपणं यातलं मला काही ठाऊक नव्हतं. सातवी पास झालेली, तोंडानं तिखट आणि हातानं कोरी अशी सून घरात आली, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणू लागले. त्या कमी बोलायच्या. त्यांच्या वाटणीचं बोलायला आमच्या काकी होत्या, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. शेजारीच राहायच्या. गल्लीत कुणाच्या घरात काय चुकलं हे त्या घराच्या आधी काकींना कळायचं.

आमच्याकडे दसऱ्याला पुढच्या साली पेरायचा मूग बियाच्या मडक्यात भरायचे. मडकं कसलं, माझ्या कमरेएवढा रांजणच तो. माजघराच्या कोपऱ्यात, चुलीच्या भिंतीला लागून कायमचा बसवलेला. मूग भरून झाला की वर झाकणी ठेवायची, शेणमातीनं तोंड लिंपून टाकायचं आणि मग थेट आखाजीला उघडायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे शेतीचं नवं वर्ष तिथूनच धरतात. त्या दिवशी भावकीतल्या बाया जमायच्या आणि सगळ्यांसमोर मडक्याचं तोंड फोडायचं. मूग चांगला निघाला तर ज्या बाईनं तो भरला तिच्या हाताला यश. मूग किडका निघाला तर तिच्या हाताला यश नाही. हातगुण म्हणतात तो हाच.

माझ्या आधी काही वर्षं तो मूग किडकाच निघत होता. आधी अक्का भरायच्या, मग नणंद भरू लागली, ती सासरी गेली. दर वर्षी भुंगा जरा जास्तच. बियाणं बाजारातून आणायची वेळ यायची, आणि आपल्या शेतचं बी सोडून दुसऱ्याचं पेरायचं म्हणजे सासऱ्यांना, आबांना, फार लागायचं. तेव्हा घरानं ठरवलं की नवी सून येईल, तिच्या हातानं हे जाईल. हात बदलायचा, मडकं तेच. ही गोष्ट तेव्हा मलासुद्धा विचित्र वाटली नाही. उलट मी नवं लुगडं नेसून मोठ्या ऐटीत मूग ओतला. रांजणाच्या तळाशी आधीच्या सालांपासूनचा मूठभर मूग तसाच ठेवलेला होता. मी म्हटलं, हा काढायचा का? अक्का म्हणाल्या, "नही वं, ती लक्ष्मीची मूठ हाये. मडक्याचं बूड उघडं पडू द्यायचं नही." मी त्या मुठीवर नवा मूग ओतला, हळदकुंकू वाहिलं आणि तोंड लिंपलं.

आखाजीला तोंड फोडलं तेव्हा मूग दिसायच्या आधी तो हलताना दिसला. झाकणी उचलताच भुंगे काठावरून बाहेर आले, तपकिरी, चपट्या पाठीचे, अंगावर पांढुरके ठिपके असलेले. अक्कांनी हात आत घातला तर कोपरापर्यंत पीठच पीठ. दाण्यादाण्याला गोल भोक. आतला मूग गरम झाला होता आणि त्याला कुबट वास येत होता. सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. मी बाजूच्या खांबाला टेकले होते, आणि काकींनी माझा उजवा हात धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला. "पाह्यलं का? इच्या हाताले यशच नही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं दोन दिवस बोलतील आणि विसरतील. पण असल्या गोष्टी गाव विसरत नसतं. वैशाखात उडदाचे पापड करायला बाया अंगणात जमायच्या, तेव्हा मी पिठाला हात लावायला गेले तर एकीनं परात ओढून घेतली. रागानं नव्हे, अगदी मायेनं. "तू बस गं, पापडावर कावळे येतात, ते हाक." नवी सून, सातवी पास, आणि माझ्याकडे काम काय तर कावळे हाकणं. लोणच्याच्या कैऱ्यांना मला शिवू देत नव्हते. कुणाच्या लग्नाची हळद फोडायची असली की मला हळूच दुसऱ्या कामाला पाठवायचे. माझं मन किती खट्टू झालं हे मी कुणाला सांगितलं नाही. रात्री नवऱ्याला मात्र सांगितलं, तेही माहेरच्या बोलीत, कारण राग आला की मला तीच सुचायची. "मन्हा हात चांगला शे," मी म्हटलं. तो हसला, म्हणाला, चांगलाच आहे की. पण त्याच्या एकट्याच्या म्हणण्यानं भागणार नव्हतं. मला तो हात त्या अंगणात, त्या परातीत परत हवा होता.

राग आला की मला हातात काहीतरी उद्योग लागतो. किडका मूग म्हशीच्या आंबोणात टाकायला काढला होता, त्यातला थोडा मी माझ्या रुखवतातल्या काचेच्या बरणीत घेतला, वर पातळ फडकं बांधलं आणि ती बरणी आमच्या खोलीत फळीवर ठेवली. शत्रू कोण आहे तो तरी पाहू, एवढाच विचार. त्यात खायला घालावं म्हणून ज्वारीचं पीठ टाकलं, गुळाचा खडा टाकला. भुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घ्यायचे, आणि मी तोंड फिरवलं की पुन्हा चालू लागायचे. असली सोंगं करणारी माणसं मला गावात ओळखू येऊ लागली होती, त्यामुळे हसू आलं.

पण मला कोडं पडलं ते असं, की हा प्राणी काहीच खात नाही, मग मूग कोण खातं?

पुढचे काही आठवडे मी फावल्या वेळात ती बरणी उजेडाला धरून बसायचे. अक्का दोनदा पाहून गेल्या. नवरा म्हणायचा, भुंग्यांचं बाळंतपण करतेस का. आणि खरोखर तेच चाललं होतं. भुंगीण धडधाकट, गुळगुळीत दाणा शोधून त्यावर एक बारीक अंडं चिकटवायची. आधी ते पाण्याच्या थेंबासारखं, दिसतही नाही. मग ते पांढरं पडतं. ते पांढरं पडलं की समजायचं, आतला जीव दाणा कोरून आत शिरला, बाहेर राहिलं ते रिकामं टरफल. मी नखानं ते खरवडून काढायचे आणि वाटायचं, मोठा पराक्रम केला. अळी तर केव्हाच आत गेलेली असायची. ती आत बसून मूग खाते, आतच वाढते, आतच तिचा भुंगा होतो. मग सालीखाली एक काळसर गोल दिसू लागतो. एके सकाळी तो गोल डब्याच्या झाकणासारखा उघडतो आणि भुंगा बाहेर. बाहेर आल्यावर त्याला खायचं नसतंच. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. दर वेळी महिनाभराच्या आतबाहेर हा सगळा खेळ उरकायचा, उन्हाळ्यात लवकर, थंडीत रेंगाळत.

हे कळलं तेव्हा मी एकटीच खोलीत उभी होते आणि मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? आमच्याकडे मूग किडला की बाया तो चाळायच्या, भुंगे उडवायच्या आणि राहिलेला मूग परत भरायच्या. म्हणजे जे बाहेर आले होते ते काहीच खाणारे नव्हते, आणि जे खाणार होते ते दाण्यांच्या आत सुखरूप परत मडक्यात जात होते.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला गावातली एक भरल्या घरची बाई मुद्दाम बोलावली. हातगुणाची म्हणून तिचं नाव होतं, मोठमोठ्या घरांतली मडकी तिच्याकडून भरून घ्यायचे. मला मडक्याजवळ यायची बंदी होती, पण दिवा धरायला तरी कुणी हवं म्हणून मी दारात दिवा धरून उभी राहिले. रांजण झाडून पुसून घेतलेला होता. तळाशी मात्र लक्ष्मीची मूठ तशीच. दिव्याच्या उजेडात मला त्या मुठीतल्या दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले. ठिपके दिसले, भोकं दिसली आणि एक भुंगा सावकाश चालत आडोशाला जातानाही दिसला. ना थंडी, ना ऊन, शेजारी चुलीची ऊब, वर्षभर कुणी हात न लावणारी जागा. भुंग्याला याहून चांगलं माहेर कुठं मिळणार होतं?

माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, त्या मुठीतच भुंगा आहे."

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की दिव्याची वात कमी झाली असावी. "लक्ष्मीच्या मुठीले भुंगा म्हनते? कोन्हं शिकवलं तुले असं बोलायले?" हातगुणाच्या बाईनं नवा मूग त्या मुठीवर ओतला.

त्या दिवशी खळ्यावरून आलेल्या त्याच मुगातला थोडा मी नवऱ्याकडून मागून घेतला. बरणी उकळत्या पाण्यानं धुतली, तसलीच दुसरी होती तीही धुतली. मूग गोठ्याच्या पत्र्यावर भर उन्हात पातळ पसरून चांगला तापवला, दाताखाली धरला की कट् वाजेपर्यंत. मग तो दोन्ही बरण्यांत सारखा भरला. एका बरणीत आधी बाजूला काढून ठेवलेल्या, आदल्या वर्षीच्या किडक्या मुगातले पांढऱ्या ठिपक्याचे थोडे दाणे वेचून टाकले. दुसरीत काही नाही. दोन्हींची तोंडं फडक्यानं बांधली आणि शेजारी शेजारी ठेवल्या. नवरा म्हणाला, आता दोन लेकरं झाली. मी म्हटलं, एक गुणी निघेल आणि एक वाया जाईल, बघत राहा.

शिवरात्रीपर्यंत एका बरणीत नुसती वर्दळ सुरू झाली होती. दुसरीत मूग जसा भरला तसा, हिरवा आणि मुका.

आखाजी आली. मडक्याचं तोंड फोडलं, आणि काय निघणार होतं ते निघालं. हातगुणाची बाई तोंडाला पदर लावून मागे सरकली. तिच्या हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण काकींना वाट सापडली. "दिवा कोन्हं धरला व्हता?" त्या म्हणाल्या. "इची सावली पडली मुगावर."

मला थोडा राग येतो तेव्हा मी बोलते. इतका राग येतो तेव्हा मी गप्प होते. मी खोलीत गेले, दोन्ही बरण्या उचलल्या आणि बायांच्या मधोमध आणून ठेवल्या. एकीत भुंगे फडक्यावर चढून बसले होते. दुसरीत स्वच्छ मूग.

"ह्या दोन्ही मी भरल्या," मी म्हटलं. "एकाच दिवशी, एकाच मुगानं, ह्याच हातानं. फरक एवढाच, ह्या बरणीत मागच्या किडक्या मुगातले चार दाणे घातले. आपण मडक्याच्या तळाशी ठेवतो तसे. आता मला सांगा, माझा हात कोणत्या बरणीत वाईट आहे?"

हे वर्षभर मनात घोटून ठेवलेलं वाक्य होतं आणि ते मी जसं ठरवलं होतं तसंच, न अडखळता म्हटलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. काकी चांगल्या बरणीकडे पाहत होत्या. अक्कांनी ती बरणी उचलली, उन्हात धरली, फिरवली. मग फडकं सोडून चार दाणे तळहातावर घेतले आणि बोटानं चोळून पाहिले. शेवटी म्हणाल्या, "ती मूठ माह्या सासूनं ठेवेल हाये. दुष्काळात लोकायनं बी खाल्लं, पन तिनं ती मूठ खाऊ देल्ली नही. ते बूड मी खरवडू कसं?"

मी याला तयार नव्हते. माझ्या डोक्यात फक्त भुंगा होता, ही मूठ कुणाची आहे याचा मी विचारच केला नव्हता. वाद जिंकायला आले होते आणि समोर एका म्हाताऱ्या बाईची सासू उभी राहिली. मग मला सुचलं ते बोलले. म्हटलं, अक्का, मूठ टाकायची नाही. चांगल्या तापवलेल्या मुगाची मूठ तांब्याच्या गडूत भरून देवाजवळ ठेवू. लक्ष्मी देवघरात बसेल, चुलीमागे कशाला बसायची? त्या दिवशी जेवायला बसल्यावर अक्कांनी माझ्या पानात स्वतःच्या हातानं वरण-बट्टी वाढली, आणि वरच्या तुपाची धार थांबवायचं विसरल्या.

तिसऱ्या दसऱ्याच्या आधी अक्कांनी आबांना आणि माझ्या नवऱ्याला रांजण उपटायला लावला. तो कधी हललाच नव्हता, खाली पांढरी माती निघाली आणि त्यात मेलेले भुंगे. अंगणात आणून पालथा केला. मी आत शिरता येईल तेवढी शिरून तळ खापरीनं खरवडला, मग उकळतं पाणी ओतलं, कडुलिंबाचा पाला आणि गोवऱ्या जाळून धूर कोंडला आणि दोन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवलं. मूग पत्र्यावर पसरला. अक्कांना काळजी एकच, इतक्या उन्हात बी भाजून निघेल आणि उगवणार नाही. मी मूठभर मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सोडला तर प्रत्येक दाण्याला मोड. अक्कांनी ते मोड पाहिले, आणि मग आम्ही त्याची उसळ करून खाल्ली.

नवऱ्याला माझी इतकी काळजी वाटू लागली होती की तो एकदा हळूच म्हणाला, मलेरियावाले घरोघर फवारायला येतात, त्यांच्याकडून थोडी पावडर आणतो, मडक्यात टाकू, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, मग मूग चांगला निघाला तर तो पावडरीचा हातगुण होईल. माझं काय? आणि उद्या कुणी त्यातलाच मूग शिजवला तर? त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

मूग भरायची वेळ आली तेव्हा दारात भावकी जमली होती. काकी पुढेच होत्या. अक्का मला म्हणाल्या, "ये, तू भर." काकी म्हणाल्या, "अक्का, यंदा किडला तर इच्या हाताले कोन्हीच वाचवू शकनार नही, सांगीसन ठेवते." ते खरं होतं, आणि मला ते माहीत होतं. मी गोवऱ्यांची चाळलेली राख घेतली, तळाशी थर दिला, मूग ओतला, पुन्हा राख, पुन्हा मूग, सगळ्यात वर राखेचा जाड थर, म्हणजे भुंगा चुकून आलाच तरी दाण्यादाण्यातून फिरायला त्याला वाट नको. रांजण आता चुलीजवळ नव्हे, वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीपाशी, चार विटांवर. तोंड लिंपलं. देवघरात तांब्याचा गडू गेला.

तो हिवाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. रोज येताजाता लिंपण पाहायचं, कुठे चीर तर गेली नाही. एकदा भिंतीवर एक भुंगा दिसला तर माझं जेवणच गेलं; नंतर कळलं तो काकींच्या घरच्या चवळीतला होता. उघडून पाहायचा मोह व्हायचा. पण उघडलं की सगळ्यांसमोर उघडलं नाही असं होईल, आणि मग कितीही चांगला निघाला तरी कुणी म्हणेल हिनं आधी चाळला असेल. म्हणून हात आवरला. हात आवरणं हे माझ्या स्वभावात नाही, तेव्हा ते किती अवघड गेलं याची कल्पना करा.

आखाजीला अक्कांनी स्वतः लिंपण फोडलं. राख आधी बाजूला केली. मग त्यांनी बाही मागे सारली, हात कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आत घातला आणि पोचेल तेवढ्या खोलातून मूठ भरून वर काढली. त्यांनी ती मूठ सुपात सोडली. राख झटकली तशी मूग हिरवागार दिसू लागला, खळ्यावरून परवा आणल्यासारखा. एक भोक नाही, एक ठिपका नाही. काकी पुढे वाकल्या आणि एक एक दाणा उलटून पाहू लागल्या. किती तरी वेळ त्या शोधत होत्या. काकींच्या हाताला काही लागलं नाही. आबा दारातून आत आले, सुपात हात घालून म्हणाले, "आपलं बी हाये हे," आणि एवढंच म्हणून बाहेर गेले. बाहेर जाऊन त्यांनी नाक शिंकरलं ते सगळ्यांनी ऐकलं.

काकी म्हणाल्या, "म्हंजे सुधारला इचा हात."

मी तोंड उघडणार होते, पण अक्कांनी माझ्या आधी तोंड उघडलं. "हात तोच हाये," त्या म्हणाल्या. "मडकं वाईट व्हतं. आपलं मडकं." आपलं हा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर म्हटला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. दोन वर्षं कावळे हाकले होते, आता रडायचा माझा हक्क होता. त्याच वैशाखात उडदाच्या पिठाची परात माझ्यासमोर सरकवली गेली, आणि मी इतके पापड लाटले की हात सुजला.

गल्लीत मग काही घरांनी मडकी पालथी घातली. काही बाया मात्र मलाच बोलवू लागल्या, "तू येऊन भरजो, तुह्या हाताले गुन हाये." मला याचा दुप्पट राग आला. कालपर्यंत हात वाईट म्हणून नको, आज हात चांगला म्हणून हवा. पण मडकं खरवडायचं मात्र कुणाच्या मनात नाही. मी सगळ्यांना सांगितलं, मी भरणार नाही. घासायला येईन.

चौथ्या दसऱ्याला काकी आल्या. स्वतःचं मडकं कमरेवर घेऊन, चालत, भरदुपारी, सगळ्या गल्लीतून. माझ्या अंगणात ते ठेवलं आणि म्हणाल्या, "भर वं." मी म्हटलं, "घासते मी. भरायचं तुम्ही." त्या मान हलवू लागल्या. मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. तेव्हा त्या खाली बसल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की नवी नवरी असताना त्यांच्या हातचं मडकं किडलं होतं. त्यांच्या सासूनं त्यांचा हात असाच धरून वर केला होता. तेव्हापासून त्यांनी घरातल्या बियाला हात लावला नव्हता. आधी सासू भरायची, मग दीर, मग मुलगी, मग सून. ज्या बाईवर मी तीन वर्षं मनातल्या मनात दात खात होते, तिच्याबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गावानंही ते विसरून टाकलं होतं. फक्त त्यांना आठवत होतं.

आम्ही दोघींनी मिळून ते मडकं घासलं, धूर दिला, मूग तापवला. मग मी हात मागे घेतले. काकींनी पहिली ओंजळ टाकली तेव्हा थोडा मूग बाहेर सांडला. मी तो वेचून त्यांच्याच ओंजळीत दिला.

आखाजीला त्यांनी भावकी बोलावली नाही. सकाळीच मला एकटीला हाक मारली. दार लोटून घेतलं, लिंपण फोडलं, राख सारली आणि हात आत घातला. मूठ वर आली ती स्वच्छ होती. मी आनंदानं काही बोलायला गेले, पण काकी मुगाकडे पाहत नव्हत्या. मूग त्यांनी सुपात सोडला आणि राखेनं माखलेला आपला तळहात उलटसुलट करून पाहू लागल्या. केस पिकलेले, दात पडलेले, घरात नातवंडं.

"म्हंजे माहा हात पयल्यापासून चांगलाच व्हता का वं?" त्यांनी विचारलं.

"हो काकी," मी म्हटलं, "पहिल्यापासून."

त्यांनी डोळे पुसले, राख गालाला लागली. मग उठून दार उघडलं, सूप कडेवर घेतलं आणि ओट्यावर उभं राहून गल्लीतल्या एकेका बाईला हाका मारू लागल्या. बाया आल्या तसतशा काकींनी प्रत्येकीच्या हातावर आपल्या हातानं मूठ मूठ मूग ठेवला.